ताळ्यावर आणणे

मराठीत 'ताळ्यावर आणणे' असा एक वाक्प्रचार आहे. माझ्या बाबतीत तो आधी वडिलांनी वापरला, मग हायस्कुलातल्या मास्तरांनी, आणि लग्नानंतर त्याचे सर्व हक्क आमच्या सौभाग्यवतींकडे वर्ग झाले. पण ताळा म्हणजे मुळात हिशेबाची पडताळणी. गुणाकार केला, भागाकार केला, की तो बरोबर आला की नाही हे उलट्या बाजूने तपासायचे, त्याचे नाव ताळा. जमाखर्चाच्या दोन बाजू सारख्या बांधल्या की झाला ताळेबंद. माणसाचा ताळा आणि गणिताचा ताळा एकच, असे माझे ठाम मत आहे. कारण मार्चअखेरीला हिशेबाचा ताळा सुटला की मालकाचाही सुटतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आता आमच्या सोलापुरात बाजारपेठेत कोणालाही विचारा, हिशेब कुठे ठेवता? तो म्हणेल, टॅलीत. ताळा आणि टॅली ही दोन नावे इतकी सख्खी वाटतात, की टॅली हा ताळ्याचाच विलायतेत वाढलेला पुतण्या असावा असा मला बरेच दिवस संशय होता. तसे काही नाही. दोन गावचे दोन जोशी असतात, आडनाव एक, धंदा एक आणि सुतक मात्र लागत नाही, त्यातला प्रकार.

इंग्रजांचा टॅली म्हणजे चक्क काठी. लॅटिनमध्ये 'तालेआ' म्हणजे कापलेली काटकी. मध्ययुगात इंग्लंडच्या राजाचा खजिना हा हिशेब काटक्यांवर ठेवी. काटकीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या. बाराव्या शतकातल्या एका सरकारी अधिकाऱ्याने मापे लिहून ठेवली आहेत : हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी आणि एक पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग ती काटकी उभी चिरायची. एक चीर पैसे देणाऱ्याकडे, दुसरी घेणाऱ्याकडे. पुढे तंटा झाला तर दोन्ही चिरा एकमेकींना भिडवून पाहायच्या. खाच खाचेत बसली नाही की कोणीतरी लबाड. हिशेब बिघडवायचा तर चाकू घेऊन दोन्ही घरी जायला हवे. आमच्या आईने दूधवाल्याच्या रतिबासाठी स्वयंपाकघराच्या दारावर कोळशाच्या रेघा ओढल्या होत्या, त्याला ही सोय नव्हती. त्या रेघा एका दिवाळीत रंगाऱ्याने पुसल्या, आणि त्या महिन्याचे दूध किती, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

ही काठ्यांची पद्धत इंग्लंडात १८२६ साली बंद झाली. म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून आठ वर्षे झाली तरी आपल्याला बुडवणारे खाचा मोजत होते! जुन्या काठ्यांचे करायचे काय? गरिबांना सरपण म्हणून वाटून टाकल्या असत्या तर पुण्य लागले असते. पण सरकारी माल. तो सरकारी भट्टीतच जळायला हवा. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्टीत त्या कोंबल्या, भट्टी तापली आणि रात्रीतून पार्लमेंटची दोन्ही सभागृहे जळाली. जुना डेटा काढून टाकताना इमारतच काढली गेल्याचे हे एकमेव उदाहरण असावे. लंडनला आज जे पार्लमेंट आपण चित्रात पाहतो, ते नंतर बांधलेले आहे.

आपल्याकडे रीत वेगळी. रोजच्या नोंदीची रोजकीर्द, तिच्यावरून खातेवार खतावणी, आणि वर डोळा ठेवायला फडणीस. हा शब्द फर्दनवीस यावरून आला. फर्द म्हणजे कागदाचा ताव. कागद कापडात गुंडाळून ठेवीत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. आता आपण ज्याला फोल्डर म्हणतो तोच रुमाल, फक्त याच्याने घाम पुसता येत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत, आणि गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात बाहेर पडले. त्या काळचे व्हायरस दोनच, कसर आणि वाळवी. कसर कागद खाते, पण प्रामाणिकपणे खाते. भोक पडलेले दिसते. भोकाच्या अलीकडचे आणि पलीकडचे वाचता येते. 'एरर' अशी पाटी लावून ती सगळाच रुमाल बंद करीत नाही.

आणि देवाचे नाव. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसला गणिताचा ग्रंथ छापला आणि त्यात दुनोंदी पद्धत समजावून सांगितली. ज्याच्या जोरावर मी बी.कॉम.ला पास झालो ती हीच. त्यात तो व्यापाऱ्यांना सांगतो, की वही सुरू करताना आधी देवाचे नाव घाला. आपल्या व्यापाऱ्यांना ते सांगायला पाचोली लागला नाही. लक्ष्मीपूजनाला वहीवर स्वस्तिक, वर श्री, शेजारी लाह्या-बत्तासे. पुढे वहीच्या जागी कॉम्प्युटर आला तेव्हा पूजा त्याची सुरू झाली. कीबोर्डच्या 'एंटर'वर हळदकुंकू वाहिलेले मी पाहिले आहे, आणि सात नंबराच्या बटणाखाली अक्षता अडकल्यामुळे एका भुसार दुकानात सहा महिने कुठल्याच बिलात सात हा आकडा येत नव्हता, हेही पाहिले आहे.

आमच्या बँकेत यंत्र कसे आले ती कथा जुने सहकारी रंगवून सांगत. १९८३ साली संघटनांशी करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि हळूहळू लेजरच्या जागी यंत्रे बसली. मी लागलो तोपर्यंत युद्ध संपले होते. टॅलीची कथा मात्र घरगुती आहे. श्यामसुंदर गोएंका हे कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना माल पुरवणारे व्यापारी. आपल्या हिशेबाला जमेल असे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, तूच लिही म्हणून सांगितले. १९८६ साली बंगळुरात कंपनी निघाली, पुट्रॉनिक्स या नावाने. मुलाला २०२० साली पद्मश्री मिळाली. माझ्या वडिलांनीही मला एक काम सांगितले होते, रॉकेलच्या रांगेत उभे राहायचे. त्यात पद्मश्रीला वाव नव्हता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बँकेत लागण्यापूर्वी मी सोलापूरच्या पूर्व भागात एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात अर्ध्या दिवसाचा हिशेबनीस होतो. मालक तेलुगू, वयाने पस्तिशीतले, माग चोवीस. मला ते नावाने हाक न मारता 'बी.कॉम.' म्हणत. कारखान्यात चाळीस वर्षे दिवाणजी होते अप्पा. घरची भाषा कन्नड, वय सत्तरीचे, डोक्याला पांढरी टोपी, आणि वही कन्नडमध्ये; नावेही कन्नड आणि आकडेही कन्नड. थोरल्या मालकांना ती वाचता येत होती. धाकट्यांना येत नव्हती. म्हणून कॉम्प्युटर आला, टॅली आले आणि मी आलो.

मी वीस-पंचवीस वर्षांचा, नवी डिग्री. पहिल्याच महिन्यात मालकांना म्हणालो, "एकच गोष्ट दोन ठिकाणी कशाला लिहायची? डबल खर्च." मालकांना खर्च शब्द लगेच कळतो. २००५ च्या दसऱ्यापासून वही बंद झाली. कागद वाचावा म्हणून बिलाची ऑफिस कॉपी काढणेही मीच बंद केले. अप्पांना सांगण्यात आले, की मार्चअखेरपर्यंत या, मग विश्रांती घ्या. अप्पा म्हणाले, "बरं." ते रोज येऊन गादीवर बसत, आणि मी मालकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या मशीनमध्ये भरून टोपलीत टाकत असे, त्या टोपलीकडे पाहत.

त्या दिवसांत भारनियमन होते. वीज सांगून जाई, न सांगताही जाई. यूपीएसची बॅटरी मेली होती आणि तिचा खर्च 'पुढच्या महिन्यात बघू' या खात्यावर होता. २००६ च्या फेब्रुवारीत एका दुपारी मी पावती भरत होतो. मागांचा खडखडाट एकदम थांबला. सोलापूरच्या माणसाला ही शांतता फार भीतिदायक वाटते. पुढ्यातला पडदा काळा झाला. दोन तासांनी वीज आली, टॅली उघडले, तर यादीतून आमची कंपनी गायब. जबरदस्तीने उघडू गेलो तर इंग्रजीत एक चौकट आली आणि सगळे पुन्हा बंद.

यात सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. लिहिणाऱ्याचा हात मध्येच धरला तर दिवाणजीही अर्धाच आकडा लिहील. एक व्यवहार भरला की तो मशीनमध्ये बऱ्याच ठिकाणी नोंदला जातो. खात्यांची नावे 'मॅनेजर' नावाच्या फाइलमध्ये, व्यवहार 'ट्रॅनमॅनेजर'मध्ये, शिवाय बेरजा आणि जोडण्या वेगळ्या. मधेच वीज गेली तर एका फाइलला कळलेले असते आणि दुसरीला नाही. एकत्र कुटुंबात होते तसे. थोरलीला वाटते रक्कम आली, धाकटी म्हणते मला कोणी सांगितलेच नाही, आणि मग सगळे घर बोलणेच बंद करते.

यावर एक इलाज होता, कंट्रोल, आल्ट आणि आर ही तीन बटणे एकदम दाबायची. त्याला 'रीराइट' म्हणत. मशीन जुनी फाइल पहिल्यापासून एकेक व्यवहार वाचत जाते आणि नव्याने कोऱ्या पानावर उतरवते. वाचता येत नाही तिथे अडखळते. करायच्या आधी बॅकअप घ्या असे ते बजावते. ज्याच्याकडे बॅकअप असतो तो कशाला ही तीन बटणे दाबील? त्याखेरीज टीएसएफ नावाच्या छोट्या फाइली पुसून पाहायच्या, त्या मशीन पुन्हा आपली आपण तयार करते. पुष्कळदा एवढ्यावर भागते. कॉम्प्युटरवाला स्कूटरवरून आला, त्याने हे सगळे केले, चहा दोनदा घेतला आणि म्हणाला, "फाइल करप्ट झालीय."

मालक उसळले. "करप्ट? कोण बे करप्ट? बी.कॉम., तुम्ही तर नाही ना?"

बॅकअप मी घेतले होते, नाही असे नाही. पाच फ्लॉप्या होत्या. वर बॉलपेनने लिहिले होते : 'बॅकअप', 'बॅकअप नवा', 'बॅकअप खरा'. टेबलावर उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर टाचण्यांची डबी ठेवत असे. डबीच्या तोंडाला, टाचण्या चिकटून राहाव्यात म्हणून, लोहचुंबक होते. फ्लॉपीवरची अक्षरे चुंबकाचीच असतात, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत. चार फ्लॉप्या कोऱ्या निघाल्या. पाचवी सापडली देव्हाऱ्यात. १ नोव्हेंबर २००५ च्या लक्ष्मीपूजनाला ती पूजेत ठेवली होती आणि मालकीणबाईंनी प्रसाद म्हणून तिथेच राहू दिली होती. कुंकवाने माखलेली ती फ्लॉपी पुसून घातली, आणि चालली! दिवाळीपर्यंतचा हिशेब परत आला. पुढचे साडेतीन महिने गेले ते गेले.

साडेतीन महिने म्हणजे लग्नसराईची सगळी उधारी. चादरी-टॉवेल हुबळीला, विजापूरला, लातूरला गेले होते, आणि कोणाकडे किती, हे आता फक्त घेणाऱ्यांना माहीत होते. मालकांनी फोन फिरवायला सुरुवात केली. "काही नाही, सहज विचारतोय, तुमच्याकडे आमचे किती?" जगात इतक्या सद्भावनेने विचारलेला प्रश्न नसेल. उत्तरे येत गेली. आकडे मालकांच्या अंदाजापेक्षा लहान लहान होत गेले. सुताच्या व्यापाऱ्याला विचारले, आमच्याकडे तुमचे किती? तिथे आकडा मोठा झाला. संध्याकाळी मालक खुर्चीत नुसते बसून होते. चोवीस मागांवरच्या माणसांचा शनिवारचा पगार डोक्यात होता. मला बोलले असते तर बरे झाले असते. बोलले नाहीत.

अप्पा उठले, घरी गेले आणि तासाभराने एक गाठोडे घेऊन आले. लाल कापड, वर दोरी. आत लांबट वही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून कालपर्यंत रोजचे पान भरलेले, आणि पानापानाला टाचणीने लावलेल्या चिठ्ठ्या. माझ्या टोपलीतल्या. रोज संध्याकाळी झाडूवाल्याच्या आधी ते टोपली रिकामी करीत होते आणि रात्री घरी बसून वही लिहीत होते. बिनपगारी.

"अप्पा, कशासाठी ओ?" मालकांनी विचारले.

"लिहिल्याबिगर झोप येईना," अप्पा म्हणाले. "सवय हाय की."

तीन रात्री आम्ही बसलो. चिठ्ठ्यांची शाई पुष्कळ ठिकाणी फुटली होती, म्हणून वहीवरूनच काम चालले. अप्पा कन्नडमध्ये वाचत, मी इंग्रजीत टंकत असे, मालक तेलुगूत शंका काढीत आणि शंकेचे निरसन मराठीत होई. मालकीणबाई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवीत. पहिल्या रात्री मी विचारायचो, "ऐदु म्हणजे?" तिसऱ्या रात्री मला कन्नड आकडे मराठीइतके येत होते. दर पानानंतर बॅकअप. यूपीएसची बॅटरी मालकांनी पहिल्याच सकाळी आणली होती.

चौथ्या दिवशी पहाटे ताळा घेतला. तिजोरीतली रोकड मोजली, ती पडद्यावरच्या शिलकेपेक्षा २७०० रुपयांनी जास्त. आम्हा हिशेबाच्या माणसांना एक गंमत माहीत असते. फरकाला दोनाने भाग जाऊन तेवढीच नोंद सापडली तर रक्कम उलट्या बाजूला पडली असेल. नवाने भाग गेला तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल. ५४ चे ४५ झाले की फरक नऊ. २७०० ला नवाने भाग जातो. इतक्यात मालकांना आठवले, की विजापूरच्या व्यापाऱ्याने फोनवर सांगितलेली बाकी वहीपेक्षा नेमकी २७०० ने कमी होती. त्यांचा पारा चढला. "साडेआठ दिले म्हणतोय! पाच हजार आठशे दिलेत. अप्पांची वही चुकत नसते. वीस वर्षांचा व्यवहार आन असली लबाडी!" आणि त्यांनी फोन उचलला.

मी म्हणालो, "मालक, एक मिनिट." चिठ्ठी काढली. शाई फुटली होती, पण मालकांचेच अक्षर होते आणि आकडा स्पष्ट होता : ८५००. पडद्यावर होते ५८००. अप्पांनी भिंग घेतले, वहीवर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. वाचून दाखवताना ते 'ऐदु साविरद एंटुनूरु' म्हणाले होते, हे माझ्या कानांत ताजे होते. पाच हजार आठशे. वहीत तेच होते. चाळीस वर्षांत न चुकलेल्या वहीत, रात्रीच्या दिव्याखाली, सत्तरीच्या डोळ्यांनी, आठ आणि पाच यांनी जागा बदलल्या होत्या. मालकांना कन्नड आकडे येत नव्हते. मला तीन रात्रींपासून येत होते.

"माझंच चुकलं मालक," मी म्हणालो. "टायपिंगला."

मालकांनी फोन खाली ठेवला आणि मला जे बोलायचे राहिले होते ते सगळे, चार दिवसांच्या व्याजासह, बोलून घेतले. अप्पांनी भिंग पुसले. त्यांनी तो आकडा खोडला नाही. वहीत खाडाखोड करायची नसते. शेवटच्या पानावर त्यांनी २७०० ची दुरुस्तीची नोंद घातली आणि वही बांधली. ही रीत सरकारलाही पटायला बराच काळ गेला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची पुसता न येणारी नोंद राहिलीच पाहिजे, असा नियम झाला आहे.

मालकांनी अप्पांना कायम राहायला सांगितले. पगारही वाढवतो म्हणाले. अप्पा मार्चअखेरपर्यंत आले, ताळेबंद होईपर्यंत बसले आणि १ एप्रिलला आले नाहीत. मी घरी गेलो तर म्हणाले, "तम्मा, डोळा आता ताळ्यावर न्हाई." आणि मग, बायको चहा आणायला आत गेली तेव्हा, हळूच, "तुला कन्नड चांगलं यायला लागलं."

पुढे मी बँकेत लागलो. कारखाना आज मालकांचा मुलगा पाहतो, हिशेब टॅलीप्राइमवर आहे आणि बॅकअप कुठे आकाशात जातो म्हणे. मालक अधूनमधून आमच्या शाखेत येतात. पासबुक भरायचे यंत्र दाराशीच आहे, पण ते सरळ माझ्या खिडकीशी येतात, पासबुक आत सरकवतात आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "काय सत्तावीसशे! भरून द्या की ओ. आन आकडे नीट बघा."